सात मिनिटांचं ऊन

अकोल्यात कशाचंही कारण ऊन असतं. दूध नासलं, ऊन. जावई रुसला, ऊन. मी चंदगडकडचा, पावसात वाढलेला, नववीतनं शाळा सोडलेला. मोबाईल दुरुस्तीच्या कामाला इथं आलो आणि हे कारण मला फार सोयीचं वाटलं.

जुन्या शहरातल्या आमच्या दुकानात एप्रिलच्या दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही. त्या वेळात माझा एक उद्योग चालायचा. एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, जिचा कोड सगळ्यांना खुला आहे, ती नव्या जातीच्या प्रोसेसरवर बसवायची. प्रोसेसर बदलला की सिस्टिमचं परगावी बदली झालेल्या माणसासारखं होतं. वेळ कुणाला विचारायची, हाक आली तर ओ कशी द्यायची, सगळं पहिल्यापासून. इंटरनेटवरची अनोळखी माणसं माझ्या चुका दाखवायची. कितवी शिकलास, हे एकानंही विचारलं नाही. त्यांचे उपकार कुठं फेडायचे, ते अजून कळलेलं नाही.

हा प्रोसेसर ज्या बोर्डावर होता, ते बोर्ड माझं नव्हतं. अमरावतीच्या एका कॉलेजातल्या मॅडमनी ते विश्वासानं दिलं होतं. अट एकच, शनिवारी येऊन मुलांसमोर चालवून दाखवायचं. आणि ते तर सुरू झालं की थोड्या वेळानं गप्पच बसायचं.

"ऊन लागून राहिलं त्याले," दुकानाचे मालक काका म्हणाले. "इथं माणूस बंद पडते, तं तुया बोर्डाची काय कथा. कांदा ठेव जवळ."

कांदा काही ठेवला नाही. खोटं कशाला, एकदा ठेवला. कूलरपुढं बोर्ड धरून बसलो. मग मॅडमना फोन करून सांगितलं, बाकी सगळं ठीक आहे, फक्त उन्हाचा त्रास आहे. त्यांनी लगेच प्राचार्यांकडून एसीची खोली मागून घेतली. कॉलेजात तशी खोली एकच.

गुरुवारी काका नुसतेच भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसले होते. म्हणाले, "काहून रे, आमचं ऊन घड्याळ बांधून येते काय? कूलर होता तं सात मिनिटं. नोता तं सात मिनिटं. सकाळी गारव्यात लावलं तरी सातच."

मी मोजलं. सात मिनिटं नऊ सेकंद. पुन्हा मोजलं. तेवढंच.

या प्रोसेसरमध्ये वेळेचा आकडा दोन खणांत असतो. पहिला भरला की स्कूटरच्या मीटरसारखा शून्यावर येतो आणि दुसऱ्यात एक वाढतो. मी पहिलाच खण वाचत होतो. सिस्टिम म्हणायची, अमुक आकडा आला की मला उठवा. मीटर शून्यावर गेल्यावर तो आकडा येणार कुठनं? ती बिचारी वाट बघत बसायची. आठ ओळींची चूक, आणि माझी. ऊन निर्दोष.

शुक्रवारी दुरुस्त केलं. पण एसीचं काय? शनिवारी मॅडमना व्हरांड्यातच गाठून खरं सांगितलं. म्हटलं, एसी बंद ठेवून दाखवतो, म्हणजे शंका राहणार नाही.

"बोर्डाले नसन गरज," मॅडम म्हणाल्या, "पण ह्या पोट्ट्यांले विचारा एकदा."

पोट्टे आत आधीच पसरले होते. एकजण शांतपणे म्हणाला, "सर, मंग बोर्डालेच बाहेर न्या ना. आमी आतून पायतो."

मॅडमना ते पटलं. लॅपटॉप आत, खिडकीच्या फटीतून वायर, आणि बाहेर भर उन्हात कठड्याशी बोर्ड धरून मी. लॅपटॉपचा पडदा मला दिसत नव्हता. दोन्ही हात घामानं बोर्डाला चिकटून गेले होते.

"किती मिनिटं झाली?" मी फटीतून विचारलं.

"सात मिनिटं, सर."

आत कुणीतरी हसलं, कशाला कोण जाणे.

"सात नऊ," तोच पोरगा म्हणाला. "सात दहा. सर, आता काय होते?"

"अकरा झाले का?"

"झाले. बारा बी झाले. पण सर, काहीच नाही झालं."

"तेच दाखवायचं होतं," मी म्हणालो.