पायाळू

नव्वदच्या दशकात सुरतच्या उधन्यात आम्ही लूमवर कापड विणणारी पोरं सुट्टीच्या दिवशी फुटबॉल खेळायचो. एकदा समोरच्या संघातल्या एका धिप्पाड पोराने बॉलला मारलेली लाथ माझ्या कमरेत बसली. डॉक्टरांनी फळीवर झोपायला आणि शेक घ्यायला सांगितलं.

आईचं तेवढ्यावर समाधान होईना. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात, त्या पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की दुखणं पळतं, असं आम्ही खानदेशी लोक मानतो. चाळीचाळीत विचारत ती पायाळू शोधून घेऊन आली, तर नेमका तोच धिप्पाड पोरगा!

मी चिडून तोंड फिरवलं. त्याने नळावर पाय घासून धुतला आणि माझ्या कमरेला जेमतेम टेकवला.

“जोरात मार ना रे भाऊ,” आई म्हणाली. त्याच्याने होईना.

पुढे व्यायाम करून मी बरा झालो, पुन्हा मैदानात उतरलो. पण मी समोर आलो की तो बॉल सोडून बाजूला व्हायचा. शेवटी मीच खेकसलो, “अरे, मोडलो नाही मी. खेळ की!”