हवेत थांबलेला हात

ताई तळहात एकमेकांवर घासून ऊबदार करायच्या आणि समोरच्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबायच्या. मग विचारायच्या, "हात ठेवू?" त्या वीतभर अंतरातच त्यांची सारी विद्या होती.

गंगापूर रोडवरच्या आमच्या घराची वरची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. समलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या मनावरच्या घावांवर त्या देहाच्या वाटेने उपचार करीत. श्वास कुठे अडतो, जबडा कधी आवळतो, पाय जमिनीला टेकतात की नाही, हे पाहत पाहत मनापर्यंत पोचायचे. खोलीत तिळाच्या तेलाचा वास असे, पायांखाली गार शहाबादी फरशी. रविवारच्या बैठकीला कुणीही येऊन बसावे. तशी मीही बसू लागले.

एकदा एका मुलीचे वडील दाराशीच म्हणाले, "हिला नीट करून द्या."

त्या हसल्या. "काका, दुरुस्तीची वर्कशॉपं सातपूरला. इथं नुसतं बसायचं. तुम्हीही बसा."

काका अवघडून बसले, आणि चहा घेऊनच उठले.

आमच्या मांजरीलाही त्या विचारायच्या. ती तोंड फिरवून निघून गेली की म्हणायच्या, "छान. हिला काही शिकवायला नको."

सोनल मात्र सातपूरहूनच येई. मूळची नामपूरची, मुलगा म्हणून वाढवली गेलेली, कारखान्यात लेथवर काम करणारी. तिला विचारूनच हे लिहिते आहे. तिच्या बोटांना यंत्राच्या तेलाचा वास असे आणि खांदे कानांपर्यंत चढलेले असत.

"हात ठेवू?"

"ठेवा ना, ताई."

ताई हात मागे घेत. "तोंड हो म्हणतंय गं, खांदे नाही म्हणतायत. राहू दे."

"लय नखरे तुमच्या हाताचे!" सोनल म्हणे. आम्ही हसत असू. पण तिच्या अंगावर आजवर ज्याने त्याने न विचारता हात टाकला होता, मारायला, चाचपायला, थट्टेला. आणि नाही म्हणायची सोय तिला कधी नव्हतीच.

"तुला नको म्हणता येत नाही, तोवर तुझं हो मी कसं घेऊ?" ताई म्हणत.

एका रविवारी सोनल पहिल्यांदाच साडी नेसून, बसने, भर गर्दीतून आली. तिला दारात पाहून ताई इतक्या हरखल्या, की विचारायचेच विसरल्या. हात थेट खांद्यावर.

"नको!"

सोनलने स्वतःच दचकून तोंडावर पदर धरला. ताईंचा हात हवेत राहिला. डोळे भरून आले.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. "आणि तू किती छान म्हणालीस."

त्या दिवशी सोनलची मान मला प्रथमच पुरती दिसली.

गेल्या हिवाळ्यात ताई थोड्याशा आजारपणाने गेल्या. खोली आवरताना तेलाची बाटली हातात धरून मी तशीच उभी राहिले. मदतीला आलेल्या सोनलने तळहात घासले आणि ती वीतभर अंतरावर थांबली.

"हात ठेवू, मॅडम?"

"ठेव ना."

तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि हात मागे घेतला. "तोंड हो म्हणतंय. राहू द्या."

ती फरशीवर बसली. मीही बसले, पाय टेकवून. माझे खांदे केव्हा खाली आले, मला कळले नाही. तिला कळले. हात पुन्हा आला आणि वीतभर अंतरावर थांबला.