रविवारच्या फोनवरचा दुभाषी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, शाळेतल्या मित्रांजवळ नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि उद्या रस्त्यात भेटलात तर मान खाली घालायची वेळ माझ्यावर येणार नाही. म्हणजे बघा, कबुली द्यायलासुद्धा मी सोयीची जागा शोधली.

आष्ट्याजवळच्या एका हायस्कुलात मी इंग्रजी शिकवतो. पूर्ण वर्तमानकाळ दर वर्षी शिकवतो. हॅव किंवा हॅज, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप, नुकतीच पूर्ण झालेली क्रिया. पोरं घोकतात, परीक्षेत लिहितात, विसरतात. मीही खरं तर तेवढंच जाणत होतो. हा काळ इंग्रज माणसं घरात, चहा पिताना, लेकराला कडेवर घेऊन कसा वापरतात, ते मला हॅनानं ऐकवलं. हॅना म्हणजे माझ्या पुतण्याची, अमोलची बायको. तिकडचीच, इंग्लंडची.

अमोलचं आधी सांगायला हवं. माझे थोरले भाऊ फौजेतून सुभेदार होऊन घरी आले आणि काही वर्षांत अचानक गेले. अमोल तेव्हा इंग्लंडात नोकरीला होता. विमान मिळून घरी पोचेपर्यंत अग्नी देऊन झाला होता. अंगणात पाव्हणेरावळे बसलेले. वहिनी उठल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आता कशाला आलास रं? तुझी गोरी सोडंना व्हय तुला?" पोरगं तसंच उभं राहिलं. तेराव्याला थांबलं नाही. त्यानंतर त्यानं आईला फोन केला नाही, आणि आईनंही केला नाही.

दुःखात माणूस बोलून जातो. हे मला कळत होतं, वहिनींना कळत होतं, गावाला कळत होतं. एकट्या अमोलला कुणी तरी सांगायला हवं होतं.

मुलगी झाल्यावर हॅनानं माझा नंबर शोधून काढला, कारण घरात इंग्रजी येणारा मी एकटा. दर रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. अमोल त्या वेळी घरात नसायचा, निदान समोर तरी यायचा नाही. वहिनी माझ्या खांद्यामागे पदर सावरत उभ्या राहायच्या. नातीला बघून पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आगं बया! केस बघा की भावजी, मक्याच्या कणसागत!" आणि तोंडाला पदर लावून हसल्या. हसता हसता रडल्या. हॅनाही रडली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मधे मी.

हॅना सावकाश बोलायची, मला समजावं म्हणून. शी हॅज स्टार्टेड वॉकिंग. मुलगी चालायला लागली आहे. आय हॅव टोल्ड हिम. मी त्याला सांगितलं आहे. कधी सांगितलं, किती वाजता, कुठल्या वारी – ते तिच्या बोलण्यात नसायचंच. घडलं आहे, आणि त्याचं जे काही व्हायचं ते आता आपल्या हातात आहे, एवढंच त्यात असायचं. मी फळ्यावर 'पूर्ण' म्हणून शिकवत होतो, आणि ही बाई ते काम पूर्ण करायला माझ्याकडे देत होती.

एका रविवारी ती म्हणाली, ही हॅज आस्क्ड अबाउट हर. त्यानं आईबद्दल विचारलं आहे.

आता थोडं माझ्या घराबद्दल. टाळत नाही – हेच मूळ आहे. माझी आई तेव्हा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली होती. तिचं अंग पुसणं, कूस बदलणं, दुपटी धुणं, पेज भरवणं, सगळं वहिनी करायच्या. माझी बायको सांगलीला नोकरीला, सकाळच्या एसटीनं जायची. मी शाळेत. माझ्या आईला मी एकदाही स्वच्छ केलेलं नाही. सांगायला लाज वाटते, पण हे खरं आहे.

हॅनाचं ते वाक्य मला कळलं तेव्हा आनंद व्हायला हवा होता ना? मला काय दिसलं, सांगू? वहिनी विमानात बसलेल्या दिसल्या. आणि मागे आईची खाट – आणि खाटेशेजारी मी.

"काय म्हनती?" वहिनींनी विचारलं. "अमोल अमोल आइकू आलं मला."

"कामात असतो म्हणते," मी म्हणालो.

इतकं सोपं होतं ते. वहिनी "व्हय का" म्हणाल्या आणि आईला औषध द्यायला आत गेल्या.

पुढच्या रविवारी हॅनानं पहिलाच प्रश्न केला, हॅव यू टोल्ड हर? मी म्हणालो, येस, आय हॅव टोल्ड हर. आयुष्यभर शिकवलेलं वाक्य, व्याकरणात कुठंही चूक नाही.

मग सवय झाली. तिनं वहिनींसाठी खोली तयार केली आहे म्हटलं, की मी वहिनींना सांगायचो, तिकडं थंडी फार आहे म्हणते. तिनं व्हिसाचं विचारून ठेवलं आहे म्हटलं, की मी सांगायचो, पोरीला सर्दी झाली आहे. वहिनी मग पोरीच्या सर्दीवर ओव्याची पुरचुंडी सांगायच्या. ते मात्र मी तिला नीट भाषांतर करून सांगायचो. बारीकसारीक सगळं खरं सांगायचो मी. लबाड माणूस असाच असतो का?

इथवर कदाचित तुम्ही मला माफ करत आला असाल. आजारी आई, अडचण, चालतं असं. पण थांबा, अजून सांगायचं आहे.

एका रविवारी वहिनी फोनच्या आधीच येऊन बसल्या. धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, आज माझं सांगा तिला. म्हनावं, आई चुकली. चारचौघांत बोलायला नगं हुतं. त्याच्या बापाचं दुःख त्यालाबी हुतंच की. माफ कर म्हनावं आईला, आन् ये. न्हाईतर मला ने." एवढं बोलून त्या हॅनाच्या तोंडाकडे बघत बसल्या. आपलं बोलणं तिच्या चेहऱ्यावर पोचताना त्यांना बघायचं होतं.

हॅनानं मला विचारलं, काय म्हणाल्या?

मी म्हणालो, शी हॅज नॉट फरगिव्हन हिम. त्यांनी त्याला माफ केलेलं नाही.

'कधीच करणार नाहीत' असं म्हणालो असतो तर एकदाचा तुकडा पडला असता, भांडण झालं असतं, कुणी तरी उलट विचारलं असतं. मी तेही केलं नाही. अजून नाही, पुढं बघू, असं वाटावं असा काळ निवडला. ती पुढच्या रविवारी पुन्हा फोन करील, वहिनी पुन्हा वाट बघतील, आणि आई पुन्हा आठवडाभर स्वच्छ अंथरुणात झोपेल. हॅनाकडून शिकलेलं मी तिच्यावरच वापरलं.

हॅनाचा चेहरा पडला. वहिनींनी तो बघितला. फोन बंद झाल्यावर म्हणाल्या, "तोंड उतरलं की तिचं. त्याला पटणार न्हाई, असंच म्हनाली न्हवं?"

मी होकाराची मान हलवली. एवढंच. शब्दसुद्धा खर्च केला नाही.

त्यानंतर थोडे रविवार फोन आले. शेवटच्या फोनवर हॅना म्हणाली, आय हॅव ट्राइड. मी प्रयत्न केला आहे. वहिनींना मी सांगितलं, आवाज तुटतोय.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. कळवायचं का अमोलला, असं मीच वहिनींना विचारलं – बघा माझा धीर! त्या म्हणाल्या, "नगं. मी माफी मागूनबी जे पोरगं आलं न्हाई, ते आज्जीसाठी येतंय व्हय? मला पोरगा न्हाई, भावजी. झालं ते झालं." शेजारणीही तेव्हापासून तेच बोलतात, सुभेदारांचं पोरगं दगड निघालं. मी ऐकतो. चावडीत, किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात ऐकतो आणि गप्प बसतो. आता तर आई नाही, खाट नाही, अडचण नाही. मग कशासाठी गप्प आहे? खरं सांगितलं तर वहिनी माझ्याकडे कसं बघतील, तेवढ्यासाठी. दुसरं काही नाही.

हॅनाचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. लावला तर लागेल.

वहिनींनी मला अजून नावं ठेवलेली नाहीत. उलट पाव्हण्यांना सांगतात, पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं ह्यांनी केलं. परवा गुडघ्याला तेल लावत बसल्या होत्या. मी शाळेतून आलो तर तसंच उठून चहा टाकला. म्हणाल्या, "बसा, दमून आला असाल."

मी बसलो. चहा घेतला.