माझी मांडी आणि मामांची नवार

माझं पोर बांधल्याशिवाय ड्रायव्हरमामा जीप सुरू करत नसत. साहेब ओरडोत, लसीचा बर्फ वितळो, मामा आधी त्याच्याकडे बघत. आई मी होते, पण त्या जीपमध्ये माझा नंबर दुसरा होता.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी भूम तालुक्यातल्या एका दवाखान्यात नर्स होते. खडी फोडायच्या कामांवर जाऊन मजुरांना कॉलऱ्याची सुई टोचायची, हे आमचं रोजचं काम. नवरा परगावी नोकरीला, घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून दीड वर्षाचा बाळू माझ्याबरोबर यायचा. त्या काळी जीपला पट्टे कुठले? मामांनी चहाचं खोकं पुढच्या सीटला तारेनं आवळलं, आत गोधडी घातली आणि बाजेची नवार कापून बाळूच्या कमरेला आणि दोन्ही खांद्यांवरून पट्टे केले. रोज पट्ट्याखाली बोटं घालून बघायचे. "दोन जायला पायजेत, तिसरं न्हाय," म्हणायचे. मग खोकं गदागदा हलवायचे.

"मी मांडीवर घेते की," मी पहिल्याच दिवशी म्हटलं.

"गाडीला आई कळत न्हाय, बाई."

मला ते फार झोंबलं. त्यात बाळूही फितूर. माझ्या मांडीवर वळवळणारं कार्टं खडबडीत रस्त्यावर त्या खोक्यात डाराडूर झोपायचं. जागं असलं की मामांकडे बघून खिदळायचं. मागे औषधांच्या पेटीजवळ बसून मी त्या दोघांच्या पाठी बघत जळायचे. नऊ महिने पोटात मी वाढवला आणि ह्यांनी चार हात नवारीत जिंकला!

शेवटी एक दिवस मी हट्टाला पेटले. तालुक्यातल्याच वाशी गावाच्या रस्त्याच्या कामावर जायचं होतं. बाळूला मांडीवर घेऊन मीच पुढे बसले. मामा किल्लीला हात लावेनात. साहेबांनी व्हरांड्यातून आवाज टाकला तेव्हा कुठे गाडी निघाली, तीही बैलगाडीच्या चालीनं. कामाजवळ एक शेळी आडवी आली. ब्रेक लागला. माझे दोन्ही हात समोरच्या दांडीला गेले. बाळूला धरलेले हात! पोर खाली आपटलं, कपाळाला खोक पडली.

तीन टाके घातले. साहेबांनी जाब विचारला. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "ब्रेक जोरात दाबला म्या. चूक माझी हाय." मी गप्प बसले. नंतर मला हळूच म्हणाले, "हात समद्यांचेच सुटत्यात, बाई. मनाला लावून घिऊ नका." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि ते हे बोलत होते तेव्हा बाळू त्यांच्याच खांद्यावर मुसमुसत होता, माझ्याकडे यायला तयार नव्हता.

महिन्याभरात मामांची बदली झाली. जायच्या दिवशी एसटीच्या आधी ट्रंक घेऊन ते माझ्या दारात आले.

"पोराला एकदा बगू द्या."

"आत्ताच झोपलाय," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या. उठवू नका लेकराला." त्यांनी ट्रंक उचलली आणि पायांचा आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन ते पायऱ्या उतरले.

बाळू आत जागाच होता, सुकडी खात बसला होता. मामा वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी दार अडवून उभी राहिले.