टाळ्या नकोत, टेप लावा

कुहीला बहिणीकडे गेलो होतो. परतताना बस चुकली म्हणून धानाच्या पोत्यांवर बसून ट्रकने नागपूरला निघालो, आणि वाटेत एका नाल्याच्या वळणावर ट्रक उलटला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी माझा डावा पाय गुडघ्याखाली कापला. एकोणीसशे साठचे दशक तेव्हा निम्मे सरले होते. मी एका शाळेत पीटीचा मास्तर होतो आणि थाळीफेकीत जिल्ह्यात माझे नाव होते.

शाळेने मला नोकरीवरून काढले नाही, मैदानावरून काढले. ग्रंथालयात बसवले. तिथल्या खिडकीतून मैदान दिसायचे, म्हणून मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचो.

लाकडी पाय मिळाल्यावर पुन्हा थाळी हातात घेतली. गिरकी आता जमणार नव्हती. ती सुरूच मुळी डाव्या पायावर होते. मी जागच्या जागी कंबर वळवून फेकायचो आणि त्या झोकाने तोंडावर आपटायचो, वर्तुळाबाहेर. बाहेर पडले की फेक बाद. कितीतरी महिने मी फक्त न पडणे शिकत होतो.

मग जिल्ह्याच्या खुल्या स्पर्धेत, धडधाकट माणसांत, नाव दिले. पहिल्या दोन्ही फेकी बाद झाल्या. तिसऱ्या वेळी थाळी सरळ सुटली आणि मी वर्तुळातच उभा राहिलो. लोक उठून टाळ्या वाजवू लागले. टेप घेऊन उभे असलेले पंच थाळी पडली तिथे गेले, ती उचलली आणि खूण न करताच परत आले.

"सर, मोजा ना," मी म्हणालो.

"अरे भाऊ, कायले मोजता? तुमी सगळ्यायच्या मांगंच आहा. पण हिंमत पाहा! लोकं टाळ्या वाजवून राहिले, अजून काय पायजे तुमाले?"

"टाळ्या नकोत. टेप लावा."

ते हसले. मी जागचा हललो नाही. पुढचा खेळाडू खोळंबला होता. शेवटी दोन स्वयंसेवकांनी मला काखेत धरून, अगदी प्रेमाने, बाहेर नेले. टाळ्या आणखी वाढल्या.

बायको प्रेक्षकांत होती. परतताना सायकल रिक्षात माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "लोकं थाळी पाहाले नाही येत, तुमचा पाय पाहाले येतात. तुमाले काहून समजत नाही?"

समजत होते. तरी दरवर्षी जात राहिलो. फेक मोजायची की नाही, ते पंचांच्या मर्जीवर. लाकडाच्या खोबणीत पायाचे टोक सोलून निघायचे, मोजा रक्ताने भिजायचा. उन्हाळ्यात घामाने आणखी चिघळायचे. ते मोजे बायको धुवायची. एक दिवस तिने बादली माझ्यापुढे आणून ठेवली. "हे आता मी नाही धुनार," एवढेच म्हणाली. मी धुऊ लागलो. त्यानंतर ती मैदानावर आली नाही.

सत्तर सालानंतर अपंगांच्या स्पर्धा आमच्यापर्यंत पोहोचल्या. माझ्या गटात आम्ही दोघेच होतो, आणि दुसऱ्याने त्या सकाळीच पहिल्यांदा थाळी धरली होती. मी पहिला आलो. पदक गळ्यात घालून घेताना मला मान वर करवेना. पुढे हे असेच चालले: धडधाकटांत शेवटचा, अपंगांत पहिला, आणि थाळीबद्दल दोन्हीकडे कोणी बोलत नसे.

मग जखम हाडापर्यंत गेली. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये गुडघाही गेला. आता लोखंडी स्टूल खुंट्यांना बांधून, त्यावर बसून फेकायचे. सगळा जोर खांद्याचा. अशाच एका स्पर्धेत कामठीचा, फौजेतला एक निवृत्त हवालदार आला. सुरुंगाच्या स्फोटात त्याचे दोन्ही पाय गेले होते. त्याने मला हरवले, आणि चांगलेच हरवले. मी स्टुलावरून उतरत होतो तेव्हा तो चाकाची खुर्ची ढकलत जवळ आला. मला वाटले, धीर द्यायला आला.

"मास्तर, तुमचा खांदा लवकर उघडून राहिला. म्हनून थाळी डुगडुगते. हनुवटी मांगं ठेवा जराशी."

पाय कसा गेला, हे त्याने विचारलेच नाही. मला राग आला. हरलेल्या खेळाडूला येतो तसला साधा राग, जो कित्येक वर्षांत आला नव्हता.

पुढच्या रविवारी मी कामठीची बस पकडली. मग दर रविवारी. आम्ही दोघे फेकायचो, आणि हवालदाराची बायको पदर खोचून, आम्हाला शिव्या घालत थाळ्या आणून द्यायची. एकदा मी त्याला हरवले, तर पुढचे काही रविवार तो माझ्याशी धड बोलला नाही. माझ्या सगळ्या वर्षांतले ते दिवस बरे गेले.

मग उजवा खांदा अडला. हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले, हा खांदा गेला तर कुबड्या कशाने धराल? थाळी बंद.

घरी आलो तेव्हा बायको विळीवर वांगी चिरत होती. तिला सांगितले. तिचा चेहरा एकदम सैल पडला. मला ते सहन झाले नाही.

"खूश झाली ना तू?"

"झाली," विळी आडवी करत ती म्हणाली. "एक पाय ट्रकनं नेला. गुडघा त्या थाळीनं नेला. आता हात बी नेते का, याचा मले रोज धाक. कोनाले सांगू मी हे? तुमाले?"

मी खाली बसलो. तिने तेल कोमट केले, माझ्या मागे बसली आणि खांदा चोळू लागली, रागारागानेच, हाडापर्यंत बोटे रुतवत. फार दुखत होते. थांब म्हणालो नाही.