वईल असलेलं इंजिन

मी त्या इंजिनात कधीच चढलो नव्हतो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या मिलिंदला तर नाहीच. त्याला जाऊन आता सात आठवडे झाले. सकाळी दाढी करत होतो, त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला, "दादा गेला" एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. चला, आता सांगायची गरज उरली नाही, असा तो विचार होता. अर्धी दाढी तशीच ठेवून मी खुर्चीत बसलो. असं कसं वाटलं मला, ते अजून कळत नाही…

आम्ही दोघं ढोकीच्या शाळेत एका बाकावर. तेव्हा गावातून छोटी लाईन जायची, अडीच फुटी रुळांची, आणि माझे वडील, अण्णा, तिच्या कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते, म्हणजे भट्टीत कोळसा टाकायचे. मला न्या म्हणून मी किती हट्ट केला, त्यांचं उत्तर ठरलेलं. "ती काय आपली बैलगाडी हाय व्हय?" पाचवीत असताना मिलिंदनं विचारलं, "बाळ्या, तू आत बसलायस का रे कधी?" आणि माझ्या तोंडून "व्हय, लई वेळा" निघून गेलं. तो माझ्याकडं असा बघत राहिला, की मला ते मागं घेता येईना. रुळाच्या कडेला उभं राहून गाडीला हात करायचा, एवढंच त्याच्या वाट्याला होतं. खरं तर माझ्याही.

पुढं छोटी लाईन गेली, मोठे रूळ आले. मिलिंद साखर कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायला लागला. चारेक वर्षांपूर्वी त्याला वेड लागलं. संगणकावर रेल्वे चालवायचा एक खेळ असतो, सिम्युलेटर म्हणतात. जगभरचे हौशी लोक त्यात आपापल्या गावची इंजिनं बनवून टाकतात. आपली छोटी गाडी त्यात का नको, म्हणून हा बसला. एकेक रिवेट, एकेक दांडा. गंजलेल्या पत्र्याचा रंग खरा यावा म्हणून भंगारातल्या बॉयलरचे फोटो काढून ते इंजिनाच्या अंगावर चढवले. मग एका रविवारी मला समोर बसवलं. "बाहेरून मी बघितलंय. आतलं तू सांग."

आता आतलं मी काय सांगणार? अण्णा घरी भट्टीला कायम चूल म्हणायचे. "चूल आज पेटंना," "चुलीपुढं पाठ मोडली." त्यामुळं लहानपणापासून माझ्या डोळ्यांपुढं होती ती आमच्या घरातली मातीची चूल, तिच्या शेजारच्या वईलीसकट. वईल म्हणजे चुलीचं बाजूचं बारकं तोंड, ज्याच्यावर कालवण गरम राहतं. मी सांगून टाकलं, "भट्टीशेजारी उजवीकडं एक बारकं गोल तोंड असतंय. त्यावर चहाची किटली."

मिलिंदचा माऊसवरचा हात थांबला. "इंजिनाला वईल?"

"मग, आच वाया घालवायची का?"

माऊस पुन्हा सरकवत तो म्हणाला, "तू म्हणतोस तर हाय." तीन आठवडे खपून त्यानं ती वईल केली. किटलीतून वाफ निघायची, गाडी वळली की किटली हलायची.

इंजिन लोकांना आवडलं. परदेशातून कुणी विचारलं, हे छोटं तोंड कशाचं? यानं लिहिलं, माझा मित्र लहानपणी या इंजिनात बसायचा, त्याला विचारून केलंय. मी ते अण्णांना मोबाईलवर दाखवलं. अण्णांनी चष्मा वर केला. "ही वईल कुणी बसवली रे? तुझ्या आईनं?" खोकला येईपर्यंत हसले. मग चष्मा खाली घेत म्हणाले, "मिलिंदाला खरं सांग. पोरगं लई मन लावून करतंय."

सांगतो म्हणालो. बेंबळी गावी एका लग्नात तो भेटला, ती शेवटची भेट. पंगतीत शेजारी बसला होता. "आता शिट्टी तेवढी राहिली बघ. अण्णांना घेऊन ये एकदा. फाटकाजवळ कशी वाजवायचे, त्यांच्या तोंडून ऐकतो." अण्णा त्याच्या पडद्यासमोर बसले तर पहिल्यांदा वईलीवरच बोलतील, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "अण्णांना आता ऐकू येत न्हाय रे." अण्णांना आजही शेजारच्या घरातली कुजबुज ऐकू येते. मिलिंदनं ताटातला भात कालवला आणि म्हणाला, "असू दे, वय झालं."

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मिलिंदला श्रद्धांजली वाहायच्या कार्यक्रमानंतर त्याच्या बायकोनं, सुजाता वहिनींनी, त्याचा लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. "तुम्हालाच कळंल यातलं." त्यात दोन फोल्डर होते. 'केबिन नकाशाप्रमाणे' आणि 'केबिन बाळूची'. पहिल्यात वईल नव्हती. तारीख बघितली, तर मला विचारायच्या कितीतरी आधीची. म्हणजे इंजिनाचा खरा नकाशा त्याच्याकडं होता. मग मला विचारलं कशाला? आणि विचारल्यावर नकाशा बाजूला ठेवून माझी थाप का बसवली?

वहिनी म्हणाल्या, "मी विचारलं होतं. म्हणाले, नकाशा काढणारा बाहेर उभा असतोय, बाळू आत बसलेला हाय."

"हसून म्हणाला का?"

"हसूनच. पण ते सगळंच हसून बोलायचे, भाऊजी."

तो फसला होता, की सगळं ओळखून मला सांभाळून घेत होता? एक दिवस पहिलं खरं वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. यातलं कोणतं जास्त वाईट, तेही ठरत नाही… लॅपटॉप वहिनींनी माझ्याकडंच ठेवलाय. कधीमधी ते इंजिन चालू करतो. भट्टी पेटते, वईलीवरची किटली हलते, ढोकीचं फाटक येतं, आणि गाडी शिट्टी न वाजवता निघून जाते. शिट्टीच्या बटणाला त्यानं आवाज जोडलेलाच नाही. अण्णा पलीकडच्या खोलीत असतात. त्यांना अजून मी हाक मारलेली नाही.

मिलिंदची ती शिट्टी माझ्याकडं राहिली आहे. आणि मी आत कधी बसलोच नव्हतो, हे वाक्यही.