बाईंची नासपती

आमच्या विज्ञानाच्या बाईंना डोंबिवलीतली निम्मी शाळा ‘नासपतीबाई’ म्हणायची. उरलेली निम्मी घाबरून काहीच म्हणायची नाही. मानवी शरीर शिकवताना त्या पिशवीतून एक नासपती काढत. देठ वर धरला की पित्ताशय, देठ खाली केला की गर्भाशय. इतर वर्गांत ‘घरी वाचून घ्या’ म्हणून उरकला जाणारा तो धडा बाई फळ उलटं करून बिनदिक्कत शिकवत. तास संपला की तीच नासपती कापून पहिल्या बाकापासून वाटत. गर्भाशय खाल्ल्याचं घरी सांगायची हिंमत कुणालाच झाली नाही.

माझी चित्रकला यथातथाच. नववीत मी काढलेलं पित्ताशय सुकलेल्या वांग्यासारखं झालं. बाईंनी अर्धा मार्क कापून लाल शाईत लिहिलं, ‘नासपती कुठे आहे?’ त्या अर्ध्या मार्कावरून मी पुढे वीस वर्षं, कळव्याहून भेटायला गेलो की दर वेळी, त्यांच्याशी भांडलो.

गेल्या वर्षी बाईंच्याच पित्ताशयात खडे निघाले. सत्तरी उलटलेली, घरात दुसरं कुणी नाही. कल्याणच्या हॉस्पिटलात फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात मी ‘विद्यार्थी’ लिहिलं. बाई परत येतील ना, या धास्तीने अक्षर वेडंवाकडं आलं. त्या मात्र स्ट्रेचरवरून म्हणाल्या, “काढल्यावर नातेवाइकांना दाखवतात. नीट बघून ठेव. मी विचारणार आहे.”

डॉक्टरांनी ट्रे समोर धरला तेव्हा मला भोवळ आली. तरी बाईंच्या धाकाने मोबाइलवर फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. आकसलेलं, सुरकुतलेलं, एका अंगाला कललेलं. हुबेहूब माझी आकृती.

“बाई, माझा अर्धा मार्क.”

“अरे, निरोगी पित्ताशय नासपतीसारखंच असतं. हे माझं आहे. आकृतीखाली तसं नाव द्यायला हवं होतंस.”

पण मग पेन मागितलं आणि औषधांच्या चिठ्ठीमागे लिहून दिलं, ‘अर्धा मार्क वाढवला.’ खाली सही. ती चिठ्ठी मी दहावीच्या मार्कलिस्टसोबत ठेवली आहे.

यंदा बाई झोपेतच गेल्या. तेराव्याला त्यांच्या घरी जुने विद्यार्थी जमले. मी नासपती कापून दारापासून वाटत गेलो. मागून कुणीतरी विचारलं, “देठ वर होता की खाली?”

आम्ही सगळे खूप हसलो. नंतर ती फोड कुणालाच गिळवेना.